छत्तीस सालची ऑस्टिन आणि नानांची पाचर

इंदूरच्या परदेशीपुऱ्यात नाना लांभात्यांचं घर विचारलं, तर गल्लीतले लोक सांगायचे, ज्या घरात काहीच हलत नाही ते घर. यात थट्टा होती, पण खोटं काही नव्हतं. नानांच्या घरातली खाट करकरत नसे, खिडकीचं दार वाऱ्यानं आपटत नसे, आणि पाय असलेल्या प्रत्येक वस्तूखाली सागवानाची एक बारकी पाचर ठोकलेली असे. व्हरांड्यात झोपाळा होता. तो छताच्या कड्यांना टांगला होता म्हणून झोपाळा म्हणायचा एवढंच. तो कुरकुरतो म्हणून नानांनी मागून दोन लोखंडी पट्ट्या बोल्टांनी आवळून त्याला भिंतीशी पक्का करून टाकला होता. पाहुणे त्यावर बसून सवयीनं पायानं झोका द्यायला जायचे आणि ओशाळायचे.

याचं मूळ मिलमध्ये होतं. सव्वीस वर्षं नाना सांचाखात्यात, म्हणजे मागांच्या शेडमध्ये, फिटर होते. चारशे माग एकदम चालायचे. धोटा या टोकाहून त्या टोकाला आपटला की त्याच्या दणक्यानं मागाचे पाय जमिनीतून सुटायला बघतात, आणि पाय सुटला की कापडात खोट येते. तो पाय सुटू द्यायचा नाही, हे नानांचं काम. चालत्या मागावर नुसता तळहात ठेवून ते सांगायचे, "डावा, मागचा." मग बोल्ट आवळायचा, पाचर मारायची, सिमेंट भरायचं. हलेल ते यंत्र खराब, आणि न हलेल ते चांगलं, एवढं साधं त्यांचं शास्त्र होतं. त्या शास्त्रावर त्यांनी संसार केला होता.

ब्याण्णव साली मिल बंद पडली. बरोबरचे कोणी टेम्पो चालवायला लागले, कोणी भाजीची गाडी लावली, कोणी गावाकडे निघून गेले. नाना सकाळी साडेसहाला, न वाजणाऱ्या भोंग्याच्या वेळेला, चपला घालून घराबाहेर पडायचे. मिलच्या गेटपर्यंत जायचे. गेटचं कुलूप हातानं ओढून बघायचे, पक्कं आहे ना म्हणून, आणि परत यायचे. आपण नक्की कोणाच्या बाजूनं ते कुलूप तपासतो, हे त्यांनी स्वतःला कधी विचारलं नाही. परत आले की घरात काय हलतंय ते शोधत फिरायचे.

"अहो, बसा ना जरा एका जागी," शोभनाबाई म्हणायच्या. "तुम्हाला पाहून मलाच चक्कर येते."

"बसलोय की," नाना उभ्याउभ्याच म्हणायचे.

रेशनकार्ड बदलायला गेले तेव्हा धंद्याच्या रकान्यात बाबूनं 'बेकार' लिहिलं. नाना म्हणाले, फिटर लिहा. बाबू म्हणाला, "कहाँ के फिटर?" रकान्यात 'बेकार' तसंच राहिलं. नोकरी गेली याचं दुःख तर होतंच, पण त्या दिवशी आपलं नावच कोणीतरी काढून नेलं असं त्यांना वाटलं. चार दिवस ते घरात धड जेवले नाहीत.

मिल गेल्यापासून मुलगी अंबिका ब्लाउज शिवून घराला हात देत होती. पायटा असलेलं जुनं शिलाई मशीन, खाली बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, स्टँड, आणि घरातली फरशी उंचसखल. मशीन डुगडुगायचं. अंबिका दोन दिवस मावशीकडे गेली, तेवढ्यात नानांनी फरशी फोडली, चारी पायांना बोल्ट घातले आणि सिमेंट भरून मशीन जमिनीत कायमचं रोवलं. अंबिका आली, बघत राहिली. "पण बाबा, दुपारी उजेड दाराकडे असतो ना. मी मशीन तिकडं ओढत होते."

"हलत तर नाही ना आता?" नाना म्हणाले.

"वा," शोभनाबाई आतून म्हणाल्या, "म्हणजे आता उजेडालाच सांगायचं, बाबा रे, तू इकडं सरक."

अशात पोलोग्राउंडच्या भेरूलालचा निरोप आला. भेरूलालचं गॅरेज मोठं होतं, आणि कुणीतरी त्याला सांगितलं होतं की लोखंड समजणारा एक माणूस परदेशीपुऱ्यात कुलपं ओढत फिरतोय. गॅरेजमध्ये लालबागेजवळ राहणाऱ्या अप्पासाहेबांची गाडी उभी होती. छत्तीस सालची ऑस्टिन, गोल मडगार्डांची, बुटकी, अप्पासाहेबांच्या आजोबांनी घेतलेली. तिच्यात एका जीपचं इंजिन बसवायचं होतं.

यामागे एक जुनं भांडण होतं, आणि ते मानपूरच्या घाटाशी होतं. अप्पासाहेबांच्या आई वसुंधराबाई माहेरच्या महेश्वरच्या. सदतीस साली नवी नवरी म्हणून याच गाडीतून त्या इंदूरला निघाल्या आणि घाटात गाडी उकळली. सगळ्यांना उतरावं लागलं. नवरीलाही. शालू नेसून, मुंडावळ्या सांभाळत त्यांनी गाडी ढकलली, आणि सासरची माणसं ही गोष्ट पुढं चाळीस वर्षं हसत हसत सांगत राहिली. वसुंधराबाई कधी हसल्या नाहीत. आता त्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या, आणि त्यांचं एकच म्हणणं होतं, की मरायच्या आधी एकदा याच गाडीतून महेश्वरला जायचं आणि घाटात न उतरता परत यायचं. दुसरी गाडी चालणार नव्हती. जुनं इंजिन तर रिकाम्या गाडीलाही पुरत नव्हतं.

"नानाजी," भेरूलाल म्हणाला, "इंजन तो मैं बिठा दूँगा. पर नीचे की चासी उसको झेलेगी नहीं. वो आप देखो. गाड़ी घाट चढ़ गई ना भिया, तो ये पूरा शेड आपका. हेड फिटर."

फिटर. अडीच वर्षांनी कुणीतरी तो शब्द त्यांच्यासाठी वापरला होता. नाना त्याच दुपारी गाडीखाली शिरले.

चासी म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा. दोन लांब पट्ट्या, मध्ये आडव्या पट्ट्या, शिडी आडवी ठेवावी तशी. या शिडीच्या लांब पट्ट्या पत्रा तीन बाजूंनी वळवून केलेल्या, आणि चौथी बाजू उघडी. वरची बॉडी उतरवून नानांनी चासी चार लोखंडी घोड्यांवर ठेवली आणि एक कोपरा हातानं उचलून बघितला. तो कोपरा वर आला आणि समोरचा कोपरा जागचा हलला नाही. अख्खा सांगाडा पिळला गेला. नानांना शिसारीच आली. ही लुळी वस्तू, आणि हिच्यावर दुप्पट वजनाचं इंजिन?

वीस दिवस ते राबले. लांब पट्ट्यांची उघडी बाजू त्यांनी पुढच्या टोकापासून मागच्या सीटखालपर्यंत जाड पट्टी लावून पूर्ण बंद केली. दोन आडव्या पट्ट्यांच्या जागी सहा केल्या. कोपऱ्याकोपऱ्यात तिकोनी तुकडे भरले. वेल्डिंगच्या उष्णतेनं लोखंड वाकतं, म्हणून दोन बोटं इकडे, दोन बोटं तिकडे असे टाके मारत गेले, आणि दर टाक्याला पाणसळ ठेवून बघत राहिले. काम देखणं होतं, यात शंका नाही. डबा अर्धा खाऊन उठायचे, चहा गार व्हायचा. घरी आले तरी बोटं मांडीवर ठोकत असायची.

"नानाजी, थोड़ा तो लचकने दो," भेरूलाल एकदा म्हणाला. "रोड पे चलनी है."

"लचकायला ती काय नाचायला चाललीय?" नाना म्हणाले.

इंजिन बसलं. चालू केलं. नानांनी पितळेचा पेला काठोकाठ भरून चासीच्या पट्टीवर ठेवला. इंजिन गुरगुरत होतं आणि पेल्यातून थेंब सांडला नाही. गॅरेजमधल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. मग बॉडी चढली, रंग झाला, आणि आठ दिवस भेरूलालनं वाळूची पोती भरून गाडी महूपर्यंत पळवली. कुठं एक आवाज नाही. अप्पासाहेबांनी सगळ्यांना कचोऱ्या आणल्या, महेश्वरला निघायची तारीख ठरली, बारा दिवसांनंतरचा रविवार. भेरूलालनं घाटाचीही वाट न बघता खिळ्यावरची शेडची किल्ली काढून सगळ्यांसमोर नानांच्या हातात दिली.

किल्ली खिशात घालून नाना दुपारी जेवायला घरी आले. आज आपण बसून जेवणार, असं त्यांनी सायकलवरच ठरवलं होतं. दारातच अंबिका उभी होती, डोळे लाल. मशीन एका बाजूला कललं होतं.

"बाबा, मी काही जोर नाही लावला. जरीचं काम होतं, दिसतच नव्हतं. म्हटलं थोडंसं तिरकं करून बघावं, उजेडाकडं. तर कट् करून आवाज आला."

नाना खाली बसले. सिमेंट उखडलं असेल अशी त्यांची अटकळ. सिमेंट जसंच्या तसं होतं. बोल्ट पक्के. स्टँडचा बिडाचा पाय मात्र सिमेंटच्या वर एक बोटभर अंतरावर तडकला होता, साफ. नानांनी दुसरे पाय पाहिले. त्यांतल्या एकाला तडा चालू झाला होता, त्याच उंचीवर.

त्यांनी तिथं बोट ठेवलं आणि ते काढेचनात. जे रोवलं होतं ते तुटलं नव्हतं. जे मोकळं होतं तेही तुटलं नव्हतं. रोवलेलं जिथं संपलं आणि मोकळं जिथं सुरू झालं, बरोबर तिथं तुटलं होतं. ऑस्टिनच्या चासीवरही अशी एक जागा होती. मागच्या सीटखाली, जिथं त्यांची जाड पट्टी संपत होती, सरळ, गुण्यानं काटकोनात आखून कापलेली.

"अहो, ताट वाढलंय!" शोभनाबाई म्हणेपर्यंत नाना सायकलवर बसले होते.

मिलमध्ये शाफ्टला तडा आहे का हे बघायची एक जुनी रीत होती. लोखंडाला रॉकेल लावायचं, थांबायचं, कोरडं पुसायचं आणि वर खडू फासायचा. तडा असला तर आत मुरलेलं रॉकेल हळूहळू खडूवर उमटतं. नाना गाडीखाली आडवे झाले. डावीकडे खडू पांढरा राहिला. उजवीकडे, वेल्डच्या कोपऱ्यातून, एक ओली रेघ उमटायला लागली. केसाएवढी बारीक आणि अर्ध्या बोटाएवढी लांब.

गॅरेजमध्ये जेवणाची सुट्टी होती. कुणी पाहिलं नव्हतं. नानांनी फडक्यानं खडू पुसून टाकला. खरं सांगायचं तर पुसूनच टाकला, आणि किल्ली खिशात आहे ना ते चाचपलं. एवढ्याशा रेघेनं गाडी थांबत नाही, महेश्वरला जाऊन येईल, वर्षभरही चालेल. किंवा घाटात, मागच्या सीटवर म्हातारी बसलेली असताना... त्यांनी पुन्हा रॉकेल लावलं, पुन्हा खडू फासला. रेघ पुन्हा आली.

"अरे, इतना सा बाल!" भेरूलाल वाकून म्हणाला. "ऊपर से एक टाँका मारो, रंग मारो, खतम."

"टाका मारला तर त्याच्या पुढं फाटेल. काम चुकलंय, भेरूलालजी. माझं चुकलंय. सगळं उघडावं लागेल."

भेरूलालचा चेहरा उतरला, मग तापला. रंग झालेला, तारीख दिलेली, सगळ्या पोलोग्राउंडला सांगून झालेलं. "नानाजी, तुम मिलवाले ना, रोड का काम तुम्हारे बस का है ही नहीं," तो म्हणाला. "चाबी वहीं खीले पे टाँग दो."

नानांनी किल्ली खिळ्याला टांगली. ते घरी गेले नाहीत. सायकल हाणत थेट लालबागेकडे गेले आणि अप्पासाहेबांच्या व्हरांड्यात उभ्यानंच सगळं सांगून टाकलं. अप्पासाहेब सुन्न झाले. वसुंधराबाई वेताच्या खुर्चीत वाती वळत होत्या. त्यांनी मान वर केली.

"चूक कुणाची?"

"माझी, आईसाहेब."

"सापडली कुणाला?"

नाना घुटमळले. "मलाच."

"मग दुरुस्त दुसऱ्या कुणी करायची?" वसुंधराबाई म्हणाल्या. "मला घाटात उतरायचं नाही. एवढं बघा म्हणजे झालं."

गिऱ्हाइकानंच म्हटल्यावर भेरूलालला शेड उघडून द्यावी लागली. किल्ली मात्र खिळ्यावरच राहिली. "घाट के बाद," तो म्हणाला आणि नानांकडे पाठ करून बसला.

आपणच घातलेले टाके नानांनी ग्राइंडरनं कापून काढले. ठिणग्या उडत होत्या. जाड पट्टी त्यांनी फक्त इंजिनाच्या खाली ठेवली, आणि तिचं टोक सरळ न कापता माशाच्या शेपटीसारखं निमुळतं, दुभंगलेलं केलं, म्हणजे ताकद एकदम न संपता हळूहळू संपेल. जिथं तडा संपत होता तिथं बारीक भोक पाडून त्याला अडवलं, मग तडा खरवडून भरून काढला. सहापैकी दोन आडव्या पट्ट्या काढल्या. उरलेल्यांतल्या मागच्या दोन वेल्ड न करता बोल्टांवर घेतल्या. बॉडी आणि चासी यांच्यामध्ये जुन्या टायरचे तुकडे कापून घातले. मग कोपरा उचलून बघितला. चासी किंचित पिळली, आणि सोडल्यावर परत जागेवर आली. ते बघून नानांचा हात आपोआप खिशात कायम असणाऱ्या पाचरीकडे गेला. तो त्यांनी मागं घेतला, पण अकरा दिवसांत तो किती वेळा गेला याची गणती नाही.

रविवारी गाडी निघाली. अप्पासाहेब चालवायला, शेजारी नाना, मागं वसुंधराबाई एकट्या, राणीसारख्या. जाताना उतार होता. महेश्वरला वसुंधराबाईंनी नर्मदेत पाय बुडवले, माहेरच्या बंद दाराला हात लावला आणि म्हणाल्या, "चला, आता खरं काम."

गुजरी मागं पडलं आणि घाट लागला. गाडी बोलायला लागली. प्रत्येक खड्ड्याला, प्रत्येक वळणाला कुरकूर. मागून एक टक्, खालून एक कर्र. नाना एक तळहात पायाखालच्या पत्र्यावर ठेवून, अर्धे वाकून बसले होते. हा आवाज बोल्टाचा, हा टायरच्या तुकड्याचा, आणि हा? हा कशाचा? सव्वीस वर्षं ज्या आवाजाचा त्यांनी पाठलाग करून गळा दाबला होता, तो आज त्यांच्या बुडाखाली मोकाट चालला होता, आणि त्याला चालू देणं हेच काम होतं. घामानं त्यांचा सदरा पाठीला चिकटला.

"याच वळणावर," वसुंधराबाई मागून म्हणाल्या. "इथंच उतरवलं होतं मला."

"हळू करू का, आई?"

"थांबलास तर बघ."

अप्पासाहेबांनी गिअर बदलला. इंजिन गरजलं, गाडी एकदा पिळली, एकदा सरळ झाली आणि वळण चढून गेली. नानांनी मागच्या सीटकडे वळून पाहिलं. वसुंधराबाई काचेतून मागं पडणारं वळण बघत होत्या आणि हसत होत्या. अठ्ठावन्न वर्षांनी हसत होत्या. नानांना रडू आलं, आणि ते त्यांनी लपवलं नाही.

मानपूरला चहासाठी थांबले. अप्पासाहेब जरा अवघडून म्हणाले, "नाना, गाडी कुरकुरते बरीच. परत गेल्यावर जरा टाइट करून टाकायची का?"

"नको," नाना म्हणाले. "कुरकुरू द्या तिला. तिला चालायचंय."

संध्याकाळी पोलोग्राउंडला भेरूलाल स्वतः रॉकेल आणि खडू घेऊन गाडीखाली शिरला. रेघ आली नाही. मग बाहेर आला, खिळ्यावरची किल्ली काढली आणि नानांच्या सदऱ्याच्या खिशात टाकली.

दुसऱ्या दिवशी नानांनी घरातलं सिमेंट छिन्नीनं फोडलं. मशीनचे तडकलेले दोन्ही पाय गॅरेजमध्ये नेऊन पितळेच्या झाळणीनं जोडून आणले आणि मशीन फरशीवर नुसतं उभं केलं. अंबिकानं ते ओढत दारात नेलं, दुपारच्या उजेडात. पायटा मारला. मशीन डुगडुगलं. नाना पाचर मुठीत घट्ट धरून भिंतीशी उभे होते. शिवण सरळ पडत होती.

"झालं ना समाधान?" शोभनाबाई म्हणाल्या. "आता तरी बसा."

नाना व्हरांड्यात जाऊन झोपाळ्यावर बसले. सवय नसलेल्या माणसासारखा त्यांनी पायानं हळूच झोका दिला. झोपाळा हलला नाही, मागच्या दोन पट्ट्या पक्क्या होत्या. त्यांनी पुन्हा दिला. मग ते उठले आणि पाना शोधायला लागले.